थांबला तो वाचला, बहुधा

घरगुती संगणकाची साठवण वाढवण्याचे मार्ग दोन असतात आणि योग्य वेळ एकही नसते. निदान १९८२ ते १९८७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांनी सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम घेतला, त्यांचा अनुभव तरी असाच आहे. पहिला मार्ग यंत्राच्या पोटातली मेमरी वाढवण्याचा. ही मेमरी वीज जाताच सगळे विसरते. दुसरा मार्ग बाहेरून काहीतरी जोडण्याचा. ते वीज गेल्यावरही विसरत नाही, पण आठवायला वेळ घेते आणि कधी कधी आठवतच नाही. यांपैकी काय घ्यावे हे ठरवणे तुलनेने सोपे होते. कधी घ्यावे, हा खरा घोळ. त्यावरून ग्राहकांत दोन तट पडले: घाई करणारे आणि थांबणारे. घाई करणाऱ्यांचे पैसे गेले आणि थांबणाऱ्यांचे काय गेले हे त्यांना बरेच दिवस कळले नाही.

या घोळाची सुरुवात स्पेक्ट्रमच्या आधीच्या झेडएक्स८१ या यंत्रापासून होते. मार्च १९८१ मध्ये ते आले तेव्हा जोडून तयार असलेल्या यंत्राची किंमत ६९.९५ पौंड होती. सुटे भाग आणून घरी सोल्डरिंग करण्याची हौस असलेल्यांना तेच ४९.९५ पौंडांत मिळे. मेमरी १ केबी, म्हणजे १,०२४ अक्षरे मावतील एवढी. पडदा पूर्ण भरून दाखवायचा झाला तर त्यातली पाऊण मेमरी एकट्या पडद्यालाच लागे. जितके जास्त दाखवायचे तितका विचार कमी करायचा, अशी ही रचना होती. तीत यंत्राचा दोष नाही. पुष्कळ समित्यांचे कामकाजही याच तत्त्वावर चालते.

यावर उपाय म्हणून कंपनीने १६ केबीचा एक डबा विकायला काढला. संगणकाच्या पाठीमागे उघड्या राहिलेल्या पट्टीवर तो खोचायचा. किंमत ४९.९५ पौंड, म्हणजे सुट्या भागांच्या आख्ख्या संगणकाइतकीच. डब्याचा गुण हा की मेमरी सोळापट होई. त्याचा अवगुण हा की तो हले. कळफलकावर बोट जरा जोरात पडले, टेबलाला गुडघा लागला किंवा शेजारच्याने उत्साहाने ‘बघू, बघू’ म्हणत मान पुढे केली की डबा केसभर सरके, आणि दोन तास टंकलेला प्रोग्राम नाहीसा होई. यावर जगभरच्या वापरकर्त्यांनी जे संशोधन केले त्यात रबरबँड, चिकटपट्टी आणि भिंतीवर पोस्टर डकवण्याचा निळा लगदा यांचा समावेश होतो. पुढच्याच वर्षी तो डबा २९.९५ पौंडांना मिळू लागला. घाई करणाऱ्याचे २० पौंड गेले. थांबणाऱ्याने ते वाचवले आणि वर्षभर एक केबीत बुद्धिबळ खेळला. हा विनोद नव्हे. एका केबीत बसणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम खरोखरच होता. काही नियम वगळून तो खेळेही.

झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. त्याचे प्रकार दोन: १६ केबीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. इथे ग्राहकाला साठवणीचा पहिला निर्णय यंत्र हातात पडण्याआधीच घ्यावा लागे. पन्नास पौंड जास्त देऊन तिप्पट मेमरी घ्यावी, की आधी लहान यंत्र घेऊन मग गरजेप्रमाणे वाढवावी? बहुतेक घरांत वडील दुसऱ्या बाजूचे असत आणि ‘गरज’ हा शब्द त्यांच्याच अखत्यारीत येई. मुलगा गणिताचा अभ्यास हे कारण पुढे करी. गणिताच्या अभ्यासाला ४८ केबी कशाला लागतात हे त्याला सांगता येत नसे, म्हणून पुष्कळ घरांत १६ केबीचे यंत्र आले.

त्या सोळांपैकी पावणेसात केबी रंगीत पडदाच घेत असे. यंत्राचा स्वतःचा किरकोळ घरखर्च वजा जाता वापरणाऱ्याच्या हाती सुमारे नऊ केबी उरत. सुरुवातीला ते पुरले. ‘हंग्री होरेस’ हा खेळ त्यात बसे. १९८३ मध्ये अल्टिमेट कंपनीने काढलेला ‘जेटपॅक’ही बसे, आणि तो इतका सफाईदार होता की १६ केबीवाल्यांना काही महिने आपण शहाणे आहोत असे वाटत राहिले. पण ‘द हॉबिट’ हा शब्दांत खेळायचा खेळ १९८२ मध्येच ४८ केबी मागत होता, आणि १९८३ संपेपर्यंत नवे खेळ लिहिणाऱ्यांनी १६ केबीचा विचारच सोडून दिला. मेमरी कमी पडत असल्याचे जगातल्या कोणत्याही ग्राहकाला आकडेमोडीने कळत नाही. दुकानातल्या कॅसेटच्या वेष्टनावर ‘फक्त ४८ केबीसाठी’ असे छापलेले दिसले की कळते.

तेव्हाची सोय अशी की १६ केबीच्या बहुतेक यंत्रांत जादा चिपांसाठी रिकामे सॉकेट ठेवलेले असत. आठ मेमरी चिपा आणि जोडीला चार किरकोळ तर्कचिपा बसवल्या की झाले ४८ केबी. या आठ चिपांची कथा मात्र स्वतंत्र परिच्छेदाच्या योग्यतेची आहे.

त्या मुळात ६४ किलोबिटच्या होत्या. कारखान्यात तपासणी करताना ज्या चिपांचा अर्धा भाग बिघडलेला निघे, त्या टाकून न देता ‘३२ किलोबिट’ म्हणून स्वस्तात विकल्या जात. सिंक्लेअरने त्या घेतल्या. कोणता अर्धा भाग शाबूत आहे, वरचा की खालचा, हे चिपेवरच्या खुणेवरून ओळखायचे आणि त्याप्रमाणे यंत्रातली एक छोटी तार इकडे किंवा तिकडे जोडायची. आठही चिपा मात्र एकाच बाजूने शाबूत हव्यात. म्हणजे जो ग्राहक ‘आता पूर्ण मेमरी घेतली’ असे चारचौघांत सांगत होता, त्याच्या यंत्रात प्रत्यक्षात आठ अर्धवट निकामी वस्तू बसलेल्या होत्या आणि त्या उत्तम चालत होत्या. काटकसर म्हणून इतकी देखणी युक्ती इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात फार थोड्यांना सुचली आहे. कोकणातल्या कुठल्याही आजीला ती ऐकताक्षणी पटली असती.

वेळेचा प्रश्न मे १९८३ मध्ये निकालात निघाला, आणि तो थांबणाऱ्यांच्या बाजूने निघाला. कंपनीने किमती उतरवल्या: १६ केबी ९९.९५ पौंड, ४८ केबी १२९.९५ पौंड. ज्याने वर्षभरापूर्वी १२५ पौंड देऊन काटकसरीने लहान यंत्र घेतले होते, त्याला आता कळले की तेवढ्याच पैशांत, वर पाच पौंड टाकून, मोठे आले असते. त्याचे दुःख खरे आहे. पण ज्याने वर्षभर काहीच घेतले नाही, त्याला आपला विजय साजरा करायला घरात यंत्रच नव्हते, ही बाजू हिशेबात सहसा धरली जात नाही.

यानंतर कायमच्या साठवणीकडे वळावे लागते, आणि तिथे टेपरेकॉर्डर बसलेला आहे.

स्पेक्ट्रमचे प्रोग्राम साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर साठवले जात. एक वायर माइकच्या खाचेत, दुसरी इअरफोनच्या खाचेत. साठवताना दुसरी काढून ठेवायची, नाहीतर यंत्र आणि टेपरेकॉर्डर एकमेकांचेच ऐकत बसतात. माहिती सेकंदाला सुमारे १,५०० बिट या वेगाने जाई. त्यामुळे ४८ केबीचा खेळ चढवायला पाचेक मिनिटे लागत. तेवढ्या वेळात पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर, मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावत आणि टेपमधून किंकाळीसारखा सूर येई. आवाज फार मोठा ठेवला तर चुके, फार लहान ठेवला तरी चुके. मित्राच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आपल्या टेपरेकॉर्डरवर चालेलच असे नाही, कारण दोन्ही यंत्रांच्या हेडचे कोन वेगळे. म्हणून बाळगता येईल असा बारीक पेचकस हे संगणकाचे अधिकृत नसलेले पण अत्यावश्यक उपकरण ठरले. सगळे जुळून आले आणि चार मिनिटे पन्नास सेकंद सुरळीत गेली, की पडद्यावर टेप चढवताना चूक झाल्याची एक ओळ उमटे. मग रिवाइंड.

हा मार्ग फुकटात पडे, ही त्याची मोठी जमेची बाजू. टेपरेकॉर्डर बहुतेक घरांत आधीच असे. ब्रिटनमध्ये तो थोरल्या बहिणीचा असे आणि तिच्याकडून तो मिळवण्याची किंमत पौंडांत मोजली जात नसे.

स्पेक्ट्रम जाहीर झाला त्या दिवशीच कंपनीने या सगळ्यावर तोडगा जाहीर केला होता. त्याचे नाव मायक्रोड्राइव्ह. एका कार्ट्रिजवर १०० केबीपर्यंत माहिती, ती काही सेकंदांत हजर, आणि एका यंत्राला असे आठ ड्राइव्ह जोडता येतील. किंमत सुमारे ५० पौंड. जाहिरातीत त्याचा उल्लेख छोट्या फ्लॉपीसारखा होता. त्या काळी खऱ्या फ्लॉपी ड्राइव्हची किंमत पाहता ही बातमी अविश्वसनीय होती, आणि पुढचे काही महिने ती तशीच राहिली. १९८२ गेले. मायक्रोड्राइव्ह आला नाही. इथे थांबणाऱ्या ग्राहकाची एक नवीच जात निर्माण झाली. किंमत उतरायची वाट पाहणारे लोक आधीही होते. वस्तू अस्तित्वात येण्याची वाट पाहणारे हे पहिलेच.

जुलै १९८३ मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी, तो प्रकटला. फ्लॉपी नव्हतीच. काडेपेटीहून लहान डबीत सुमारे दोन मिलिमीटर रुंदीची, पाच मीटर लांबीची फीत गोल गुंडाळलेली होती. तिला आदि नाही, अंत नाही. ती मोटारीने गरगरा फिरवायची आणि हवा तो भाग हेडखालून जाईपर्यंत थांबायचे. एक फेरी सातआठ सेकंदांची. टेपच्या पाच मिनिटांपुढे हा वेग थक्क करणारा होता. किंमत ४९.९५ पौंड. शब्द पाळला गेला, तपशील जरा बदलला: तो यंत्राला जोडायला ‘इंटरफेस वन’ नावाची आणखी एक पेटी लागे. तिची किंमत ४९.९५ पौंड, ड्राइव्हबरोबर घेतल्यास २९.९५. वर रिकामे कार्ट्रिज, प्रत्येकी ४.९५. शिवाय हे दुकानात जाऊन मागून मिळत नसे. ज्यांनी टपालाने स्पेक्ट्रम मागवला होता त्यांना ज्या क्रमाने यंत्रे गेली, त्याच क्रमाने मायक्रोड्राइव्हच्या मागणीचे अर्ज धाडले जात. म्हणजे आधी घाई करणाऱ्यालाच आता वेळेवर वस्तू मिळणार होती. मे महिन्यात शहाणपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतलेल्यांना जुलैमध्ये रांगेचे शेपूट दिसले.

कार्ट्रिजवर १०० केबी मावत असे का? कमीत कमी ८५ मावत. नेमका आकडा प्रत्येक कार्ट्रिजचा वेगळा येई आणि तो फॉरमॅट केल्यावरच कळे. वापरणाऱ्यांना लवकरच एक शोध लागला: नवे कार्ट्रिज पुन्हा पुन्हा फॉरमॅट केले की क्षमता वाढते. कारण साधे होते. फीत ताणून लांब होत होती. साठवणीची क्षमता वस्तू झिजवून वाढवण्याचे तंत्र संगणकक्षेत्रात त्यानंतर फारसे आढळलेले नाही. ताणाचा शेवट काय होतो हे सांगायला नको. हे फीत तुटल्यावर, तीही बहुधा एकमेव प्रत असलेली, कळत असे. म्हणून दुसरी प्रत काढून ठेवावी, असा सल्ला सर्वत्र दिला जाई. एका ड्राइव्हवर प्रत काढताना कार्ट्रिज आत-बाहेर करत राहावे लागे. ते टाळायचे तर दुसरा ड्राइव्ह घ्यावा: आणखी ४९.९५ पौंड.

आता हिशेब. एखादा मुलगा रोज दोन खेळ टेपवरून चढवतो असे धरले तर दिवसाची दहा मिनिटे जातात. वर्षाची ३,६५० मिनिटे, म्हणजे सुमारे एकसष्ट तास. चुकलेली चढाई यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा सभ्य राहत नाही. ड्राइव्ह आणि इंटरफेस मिळून ७९.९० पौंड. म्हणजे वर्षभरात वाचलेला एकेक तास सव्वा पौंडाहून थोडा महाग पडला. पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या ब्रिटिश शाळकरी मुलाला तासाचे एवढे क्वचितच सुटत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने, टेपसमोर बसून पट्ट्या बघणे हाच त्याला परवडणारा मार्ग होता. आणि तो बसलाही.

जे याच्याही पुढे थांबले त्यांच्यासाठी सिंक्लेअरने नंतर एक संच काढला: ड्राइव्ह, इंटरफेस आणि प्रोग्राम भरलेली चार कार्ट्रिजे, सगळे मिळून ९९.९५ पौंड. हेच १९८३ मध्ये चार रिकाम्या कार्ट्रिजांसह सुटे घेतले असते तर ९९.७० पौंड पडले असते. प्रोग्राम फुकट मिळाले हे खरे, पण दीर्घ प्रतीक्षेनंतर एकूण रकमेत पाव पौंडाची वाढ झाली हेही तितकेच खरे. रिकाम्या कार्ट्रिजची किंमत मात्र पुढे १.९९ पर्यंत उतरली. ही बचत पदरात पडायला आधी ड्राइव्ह घेतलेला असणे जरूर होते.

एक अडचण कितीही थांबले तरी सुटणारी नव्हती. खेळ कॅसेटवरच विकले जात. बहुसंख्य ग्राहकांकडे टेपरेकॉर्डरच होता, म्हणून प्रकाशक कॅसेट काढत; आणि प्रकाशक कॅसेट काढत म्हणून ग्राहक टेपरेकॉर्डरवरच राहत. मायक्रोड्राइव्हच्या मालकाला खेळ तिथे हलवायचा तर चोरीला आळा घालण्यासाठी केलेल्या बंदोबस्ताशी सामना करावा लागे. हा सामना सोपा केला रोमँटिक रोबोट या विलक्षण नावाच्या कंपनीच्या ‘मल्टिफेस वन’ने. खेळ चालू असताना लाल बटण दाबायचे की सगळी मेमरी जशीच्या तशी कार्ट्रिजवर उतरे. साठवण विकत घेतल्यावर ती वापरता यावी म्हणून आणखी एक वस्तू विकत घ्यावी लागली, याचे कुणाला विशेष आश्चर्य वाटले नाही. तोवर लोक सरावले होते.

इतर कंपन्या गप्प बसल्या नव्हत्या. रोट्रॉनिक्सचा ‘वेफाड्राइव्ह’ १९८४ मध्ये आला: १२९.९५ पौंड, एकाच पेटीत दोन ड्राइव्ह, फीत पुन्हा बिनटोकाचीच पण लांब, त्यामुळे साठवण जास्त आणि शोधायला वेळही जास्त. ओपस कंपनीचा ‘डिस्कव्हरी’ साडेतीन इंची फ्लॉपीचा होता, म्हणजे भविष्याचा अंदाज त्यांना बरोबर आला होता, ज्याचा त्यांना फारसा उपयोग झाला नाही. माइल्स गॉर्डन टेक्नॉलॉजी कंपनीच्या ‘डिसिपल’ची रचना आणखी वेगळी. एकाची फीत किंवा फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नसे. त्यामुळे ‘केव्हा घ्यावे’ या प्रश्नात ‘ही कंपनी तोवर टिकेल का’ हा प्रश्न मिसळला आणि साठवण निवडणे म्हणजे स्थळ निवडण्यासारखे होऊन बसले: वस्तूपेक्षा तिच्या घराण्याची चौकशी जास्त. या सगळ्यांत दीर्घायुषी निघाला तो टेक्नॉलॉजी रिसर्च कंपनीचा ‘बीटा डिस्क’. ब्रिटनमध्ये तो मागे पडला, पण सोव्हिएत संघात हौशी मंडळींनी घरोघर बनवलेल्या स्पेक्ट्रमच्या नकलांत त्याचीच पद्धत रूढ झाली आणि कंपनी विस्मरणात गेल्यावरही रशियात तिची फ्लॉपी चालू राहिली. ही शक्यता लक्षात घेऊन १९८५ मध्ये खरेदी करणारा ग्राहक इंग्लंडात कुणी नसावा.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुष्कळ सोपा होऊन आला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. तो ४८ केबीच्या स्पेक्ट्रम प्लसवर बेतलेला असल्याने १६ की ४८ हा वाद आधीच मिटलेला होता. उरला टेपरेकॉर्डर. तो नाट्यसंगीताच्या ताब्यात असे, आणि तिथे घाई करूनही उपयोग नव्हता, थांबूनही नव्हता.

किमती नेहमी उतरतच जातात, या थांबणाऱ्यांच्या श्रद्धेला १९८८ मध्ये सुट्टी मिळाली. १९८६ साली अमेरिका आणि जपान यांच्यात सेमिकंडक्टरबाबत करार झाला होता. जपानी मेमरी चिपा फार स्वस्तात विकल्या जाऊ नयेत, हा त्याचा एक हेतू. मागणी वाढली, पुरवठा आखडला आणि १९८८ मध्ये मेमरीचे भाव उतरण्याऐवजी चढले. तोवर अमिगा आणि अटारीसारख्या मोठ्या यंत्रांचा जमाना आला होता. आता केबींऐवजी अर्ध्या आणि पूर्ण मेगाबाइटांची भाषा चालू होती, पण थांबणारा तोच होता. ‘पुढच्या वर्षी निम्म्यात मिळेल’ असे सांगून ज्यांनी १९८७ मध्ये खरेदी टाळली, त्यांनी पुढच्या वर्षी दुकानातली पाटी दोनदा वाचली.

स्पेक्ट्रमपुरता या प्रकरणाचा शेवट दुसऱ्याच मालकाच्या हातून झाला. एप्रिल १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि १९८७ मध्ये ‘स्पेक्ट्रम प्लस थ्री’ आणला. मेमरी १२८ केबी, डिस्क ड्राइव्ह अंगातच बसवलेला. काही वाढवायचे शिल्लक ठेवलेच नव्हते. पाच वर्षे थांबलेल्या ग्राहकाचा हा क्षण होता. डिस्क मात्र तीन इंची निघाली. जग साडेतीन इंचांकडे निघाले होते. तीन इंची डिस्क अॅमस्ट्रॅडच्या बाहेर फार कुणी वापरत नसे आणि ती स्वस्तही नव्हती. एका बाजूवर १७३ केबी. दुसऱ्या बाजूसाठी ती काढून उलटी घालायची. टेपरेकॉर्डर या यंत्रात नव्हता, आणि जुने खेळ सगळे कॅसेटवर, त्यामुळे तो वेगळा जोडायला एक वायर घ्यावी लागे. मागची जोडणीही बदलली होती. त्यामुळे इंटरफेस वन चालेना, इंटरफेस वन नाही म्हणून मायक्रोड्राइव्ह चालेना, आणि मल्टिफेस वनही चालेना. त्यासाठी रोमँटिक रोबोटने नवा मल्टिफेस काढला. ज्यांनी १९८३ मध्ये घाई केली होती आणि ज्यांनी सावकाश संच घेतला होता, ते दोघेही इथे एका पातळीवर आले. प्लस थ्रीची किंमत २४९ पौंड होती. पुढे ती १९९ झाली.